अर्ध्या इंचाचे अंतर

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात ह्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, तिन्ही एकाच सकाळी गेली. चौदाव्या दिवशी डॉक्टरांनी घरी नेण्याची तयारी करायला सांगितले, तेव्हा मुलीला रुग्णालयात बसवून मी घरी आले आणि मागची खोली रिकामी करायला घेतली. वर-खाली होणारी खाट भाड्याने आणायची होती. चाकाची खुर्ची वळेल एवढी जागाही हवी होती. आणि त्या खोलीत, कपाटात, मांडणीवर, पलंगाखाली, खिडकीच्या कट्ट्यावर ह्यांचे मेकॅनो होते.

चाळीस वर्षे मी त्या लोखंडी पसाऱ्याशी भांडत आले होते. त्या दिवशी भांडायला समोर कोणी नव्हते. झाकणावर चित्रे असलेली रंगीत खोकी मी नीट बांधून माळ्यावर टाकली. गंजलेले डबे, वाकड्या पट्ट्या, तेलकट कागदात गुंडाळलेली बोचकी मात्र दोन पोत्यांत भरून दारावर आलेल्या भंगारवाल्याला दिली. सतरा किलो भरले. लोखंडाच्या भावाने त्याने पाचशे दहा रुपये हातावर ठेवले. मला तेव्हा केवढे हलके वाटले होते! हे लिहिताना आजही संकोच वाटतो, पण घरात मोठे आजारपण आले की माणूस अशाच घाईने काहीबाही करतो. माझ्यासारख्या इतरही असतील, म्हणून लिहिते आहे.

मेकॅनो म्हणजे काय, हे आमच्या वयाच्या वाचकांना सांगायला नको, नातवंडांसाठी सांगते. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी नावाच्या गृहस्थांनी आपल्या मुलांसाठी घरीच पत्र्याच्या पट्ट्या कापून, त्यांना सारख्या अंतरावर भोके पाडून नट-बोल्टने जोडता येतील असे खेळणे तयार केले. व्यवसायाने ते एका मांस आयात करणाऱ्या पेढीत हिशेबनीस होते. १९०१ साली त्यांनी त्याचे पेटंट घेतले. ‘मेकॅनो’ हे नाव १९०७ मधले. पट्टी अर्धा इंच रुंद आणि दोन भोकांमधले अंतरही अर्धा इंच, एवढाच त्यातला गाभा. पुढे १९१४ पासून लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरील कारखान्यात हे संच तयार होत राहिले आणि १९७९ साली तो कारखाना बंद झाला. या सगळ्या काळात ते अर्ध्या इंचाचे अंतर बदलले नाही. १९२० ची पट्टी १९७० च्या पट्टीवर ठेवली, तर भोकावर भोक येते. आमच्या संसारातील कुठल्याही दोन वस्तूंविषयी मला असे म्हणता येणार नाही.

संग्राहक मंडळी रंगावरून काळ ओळखतात. १९२६ पर्यंतचे भाग निकेलच्या मुलाम्याचे, रुपेरी. त्यानंतर रंग आले आणि लवकरच लाल व हिरवा स्थिरावले. १९३४ पासून निळे आणि सोनेरी, पत्र्यांवर तिरप्या रेघांची जाळी असलेले. युद्धानंतर पुन्हा लाल-हिरवे, १९६४ पासून पिवळे-काळे. प्रत्येक भागाला क्रमांक असतो. एक क्रमांकाची पट्टी साडेबारा इंचांची, पंचवीस भोकांची; पाच क्रमांकाची अडीच इंचांची, पाच भोकांची. हे सगळे मला पूर्वी ठाऊक नव्हते. जेवायला वाढताना कानावर पडे, तेवढेच.

ह्यांचे बालपण गिरगावातील चाळीत गेले. मामा बोटीवर इंजिनियर होते. १९५८ साली, हे दहा वर्षांचे असताना, मामांनी विलायतेहून चार क्रमांकाचा लाल-हिरवा संच आणला. या संचांची एक गंमत अशी की मधला ‘४अ’ नावाचा पूरक संच घेतला की चाराचे पाच होत, आणि असे करत करत दहापर्यंत जाता येई. दहा क्रमांकाचा संच खणांच्या लाकडी पेटीत येई आणि तो सर्वसामान्यांच्या घरी येत नसे. ह्यांच्याकडे तर ४अ सुद्धा कधी आला नाही. मात्र सुटे भागही विकत मिळत. पुढच्या फेरीत मामांनी कागदाच्या पुडीत मूठभर पितळी दातेरी चाके आणून दिली. चाळीत दोन चुलतभाऊही त्याच खेळण्यावर हक्क सांगणारे; म्हणून ह्यांनी वडिलांची कानस घेऊन प्रत्येक चाकाच्या मध्यभागी असलेल्या कडीवर एक बारीक खाच पाडली. खाच असलेले ते माझे, असा कायदा होता.

ती चाके बिस्किटाच्या एका गंजक्या डब्यात होती. तो डबा पोत्यात गेला.

घरी आणल्यावर पहिले दोन महिने मला त्या डब्याची आठवणही झाली नाही. अंघोळ, औषधे, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलणे, यात दिवस संपे. समजत सर्व होते. शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन फिरत. पाणी हवे असताना ‘खुर्ची’ म्हणत आणि आपण चुकलो हे कळल्याने डोळ्यांत पाणी येई. वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी मला पहिल्याच दिवशी बजावले, “शब्द तुम्ही पुरवू नका. थांबा. ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असं विचारा, चित्रं दाखवा.” थांबणे हे मला आयुष्यात कधीच जमले नव्हते.

हाताचे व्यायाम घेणाऱ्या दुसऱ्या ताई नऊ भोकांची एक लहान पाटी घेऊन येत. त्यात खुंट्या एकेक करून बसवायच्या आणि काढायच्या. पहिल्या दिवशी ह्यांनी ती पाटी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि डाव्या हाताच्या अंगठ्याने दोन भोकांमधले अंतर मापून मान हलवली. नापसंतीची मान होती ती. ताईंना काही कळेना. मला कळले, आणि झटक्यानंतर प्रथमच मी मोठ्याने हसले. अंतर अर्ध्या इंचाचे नव्हते!

त्या ताई मोठ्या समंजस. “घरात आहे का ते खेळणं? मग तेच घेऊ,” म्हणाल्या. माळ्यावरून खोकी खाली आली. प्रारंभी कठीण गेले. मेकॅनोचा नट हरभऱ्याच्या दाण्याएवढा. धडधाकट माणसाच्या हातूनही निसटतो. आम्ही काठ असलेले स्टीलचे ताट घेतले, त्यात जुन्या टॉवेलचा तुकडा अंथरला, म्हणजे वस्तू घरंगळत नाही आणि दिसतेही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीला स्पंजची नळी चढवून ती जाड केली. खाली पडलेले बोल्ट उचलायला दोरी बांधलेले लोहचुंबक. ताईंचा आग्रह असा की उजवा हात मांडीवर स्वस्थ ठेवायचा नाही. त्याने काही करता येत नसेल तर निदान पट्टी दाबून धरायची, बोल्ट डाव्याने फिरवायचा. काम वीस मिनिटे, फार तर अर्धा तास. त्यापुढे थकवा येई आणि थकव्यामागून संताप. एकदा ताट भिरकावले गेले होते. त्या दिवशी दोष माझा होता. हे नट बसवण्यासाठी झगडत असताना मी तो हातातून काढून घेऊन पटकन बसवून दिला होता. लहान मुलाच्या हातातून घेतल्यासारखा.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मेकॅनोने पक्षाघात बरा होतो, असा माझा मुळीच दावा नाही. हातात जी काही शक्ती परतली, ती औषधांनी, व्यायामाने आणि काळाने परतली. खेळण्याने एवढेच केले की व्यायामाची वेळ झाली म्हणजे हे तोंड फिरवीनासे झाले.

संचाबरोबर येणाऱ्या जुन्या पुस्तिकेत सर्व भागांची क्रमांकवार चित्रे असलेले पान असते. हेच आमचे चित्रफलक झाले. हवा तो भाग हे बोटाने दाखवीत, मी शोधून देत असे. शोधता शोधता मला क्रमांक पाठ झाले. दिवाळीच्या सुमारास ह्यांनी क्रेन करायला घेतली. सांगाडा उभा राहिला. मग एके सकाळी बोट एका चित्रावर येऊन थांबले: सत्तावीस-अ. सत्तावन्न दात्यांचे पितळी चाक. त्याच्या शेजारी सव्वीस, एकोणीस दात्यांचे लहान चाक. एकोणिसाचे सत्तावन्न, म्हणजे बरोबर तिप्पट. लहान चाक तीन वेळा फिरले की मोठे एकदा फिरते, आणि ओझे सहज उचलले जाते. दोघांचे दंड एक इंचावर, म्हणजे मधले एक भोक सोडून बसवले की दाते चपखल जुळतात. हे मला नंतर समजले. त्या क्षणी समजले ते एवढेच की हे मांडणीच्या खालच्या, आता रिकाम्या असलेल्या फळीकडे पाहत आहेत.

“असेल कुठंतरी. बघते,” मी म्हणाले.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने मी बघत होते. खोटेच. भंगारवाल्याला गाठले, त्याला ती पोती आठवतही नव्हती. माल त्याच आठवड्यात पुढे गेला होता. मग मी दर रविवारी मुलीला घरी बसवून मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जाऊ लागले. बुधवारीही तो भरतो, पण बुधवारी मला निघता येत नसे. तुटके पंखे, घड्याळांची यंत्रे, कुलपांचे ढीग यांतून मी डोळे फिरवीत असे. एकाहत्तर वर्षांची बाई जमिनीवर बसून खिळ्यांच्या टोपलीत हात घालते, हे पाहून विक्रेत्यांना नवल वाटे. “काकू, काय शोधताय सांगा तरी.” सांगितले तर भाव वाढतो, हे मी दुसऱ्याच रविवारी शिकले. आपल्याकडची पुढली पिढी ‘मेकॅनिक्स’च्या संचांवर वाढली, त्यांच्या पट्ट्या पुष्कळ दिसत. जुने मेकॅनो क्वचित. पण भागांवर ते नाव कोरलेले असते, त्यामुळे भिंगाने ओळखता येते. एकदा मुंबईला भाचीकडे गेले असता चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवरही जाऊन आले. हे तरुणपणी सुट्टीच्या दिवशी तेथे जात आणि संध्याकाळी हात काळे करून परतत, म्हणून मी किती बोलले होते! त्या गल्लीत उभी असताना मला प्रथमच उमगले की ढिगाऱ्यात तळहाताएवढी हिरवी पट्टी दिसली की छातीत खरोखरच काहीतरी हलते.

माघात मला एक सत्तावीस-अ मिळाले. साठ रुपयांना. काळे पडलेले होते. घरी येऊन मी देवाच्या उपकरण्यांसारखे चिंच लावून लख्ख घासले. (जुन्या वस्तू अशा घासायच्या नसतात, संग्राहकांना वयाचा तो काळसरपणाच हवा असतो, हेही मला नंतर कळले. घासून झाले होते.) एका डब्यात घालून मी ते ह्यांच्यापुढे ठेवले. “सापडलं बघा.”

ह्यांनी ते डाव्या हातात घेतले. मधल्या कडीवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मग माझ्याकडे पाहिले. खाच नव्हती.

शब्द हरवलेल्या माणसापुढे खोटे बोलणे फार अवघड असते. तो शब्दांकडे लक्षच देत नाही, तोंडाकडे बघतो. मी खाली बसले आणि सर्व सांगितले. चौदावा दिवस, दोन पोती, सतरा किलो. पाचशे दहा रुपयेही सांगितले. का कोण जाणे, ते सांगितल्यावाचून राहवले नाही. ह्यांनी भिंतीकडे तोंड केले. रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी व्यायाम केला नाही. मला वाटले, ह्या चाकापायी मिळवलेले सगळे मी पुन्हा घालवले. रक्तदाबाच्या गोळ्या तेवढ्या घेतल्या, त्याही माझ्या हातून नव्हे, मुलीच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुस्तिकेच्या पानावर टकटक ऐकू आली. मी गेले. ह्यांचे बोट सव्वीस क्रमांकावर होते. मग सत्तावीस. मग बत्तिसावर, तो मळसूत्रासारखा भाग, ज्याला वर्म म्हणतात. मला आधी कळेना. मग ह्यांनी पेन्सिल माझ्याकडे सरकवली. डब्यात काय काय होते, त्याची यादी करायची होती. पुडीतले एकेक चाक आठवून ह्यांनी बोट ठेवले आणि मी लिहीत गेले. एकवीस नग भरले. शेवटी स्वतः पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि यादीखाली बऱ्याच वेळाने एक वाकडी रेघ ओढली. ती सही होती की खाच, हे मी विचारले नाही.

राग गेला, असे मी म्हणणार नाही. अजूनही कधी क्रेनचा दोर अडकला की माझ्याकडे एक कटाक्ष येतो. पण तेव्हापासून आम्ही दोघे मिळून संग्रह करतो. मी बाजारातून आणते, हे तपासतात. तेल शिवणयंत्राचे, एक थेंब. गंज घासायचा नाही, मऊ फडक्याने पुसायचा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून रंग खरवडायचा नाही, काम झाले की साबणाने हात धुवायचे आणि ताटावर खाण्याचे पदार्थ आणायचे नाहीत. पणतू लहान आहे. तो आला की सर्व डबे वर जातात, कारण नट-बोल्ट तोंडात जायला वेळ लागत नाही.

दुपारी मी वाचून दाखवते. एकदा नातवाने प्राग शहरातल्या ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाची हकिगत पाठवली. १९६१ च्या नाताळात या माणसाने घरच्या टेबलावर, मुलांच्या मेर्कूर नावाच्या धातूच्या संचातून आणि सायकलच्या डायनॅमोतून एक यंत्र जुळवले आणि त्यावर पहिली मऊ काँटॅक्ट लेन्स फिरवून काढली. मेर्कूर म्हणजे चेक लोकांचे मेकॅनो. पुढे लेन्स करण्याच्या त्या कामात पत्नीनेही हात लावला. हे वाचून ह्यांनी माझ्याकडे बोट केले, म्हणजे ‘ऐक’. मी म्हटले, “तिनं भंगारात घातलं नाही म्हणून!” हसू दोघांनाही आले. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या विल्यम सेवेल नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने १९४९-५० च्या सुमारास तिकडच्या इरेक्टर संचाचे भाग वापरून हृदयाचे काम करणारा पंप बनवला होता. त्यावर एका कुत्र्याच्या हृदयाच्या उजव्या बाजूचे काम तासाहून अधिक वेळ चालले. ते यंत्र तेथील संग्रहालयात जपून ठेवले आहे. ही हकिगत ह्यांनी मला तीनदा वाचायला लावली. चौथ्यांदा स्वतः ‘पंप’ म्हणाले. सुटा, स्वच्छ शब्द. वाचा-उपचाराच्या ताईंना मी तो फोनवर लगेच कळवला.

क्रेन पूर्ण झाली आहे. साठ रुपयांच्या चकचकीत चाकावर ती अर्धा किलो साखरेची पिशवी उचलते. यादीतल्या एकवीस नगांपैकी बारा जमले आहेत. एकाही नगावर खाच नाही. तरीही जुन्या बाजारात पितळी चाक हाती आले की त्याच्या मधल्या कडीवरून माझा अंगठा आपोआप फिरतो. घरी परतले की हे दारातल्या खुर्चीत बसलेले असतात. अंगठा तर्जनीवर घासून विचारतात, आहे का? मी मान हलवते. मग ते डावा हात पुढे करतात. उजवाही थोडा उचलतात. जे काही आणले असेल ते मी त्या हातांवर ठेवते आणि चपला काढते.